वजन कितलं उतरनं?

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली, मांडीवर दवाखान्याची फाईल घेऊन. डब्यातलं भरीत चमचा चमचा, फार वेळ चावत खात होती आणि मध्येच एकटीच हसत होती. वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन करून पाचच महिने झालेले.

“अक्का, माले दिवस गयात! डॉक्टर रागावना, दीड वरीस थांबाले सांगेल व्हतं म्हने. बारा वरीस काहीच व्हयनं नही, मंग थांबाना इचार कोन करी?”

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. दर तपासणीनंतरचा त्याचा ठरलेला प्रश्न मलाही ऐकू आला, “वजन कितलं उतरनं?”

“आते चढी,” ती म्हणाली. “बाळनं बी धरीसन.”

मग फोनमधून अशी आरोळी आली, की तिकिटं देणारा कंडक्टर दचकून मागे वळला.