खाडीच्या बाजूचा हब

माझ्या गाडीचा गिअर सुटला आणि त्यामुळे धाकट्या भावाचे शेत खाऱ्या पाण्याखाली गेले, असे कासूपासून जित्यापर्यंत गावोगाव सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या गाडीखाली कधी पाठ टेकलेली नाही.

गाडी जुनी आहे, हे मला कोणी शिकवू नये. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, पुढेमागे स्प्रिंगचे पाटे, आणि चारही चाकांना जोर देणारा वेगळा लिव्हर. तिचे आजार मला तोंडपाठ आहेत. ऑइल सील पाझरतात, स्टेअरिंग सैल पडते, पाटा तुटतो, आणि ओझे ओढताना तो लिव्हर उडून न्यूट्रलला येतो. हा शेवटचा आजार मी पेणच्या मिस्त्रीसमोर बसून, गिअरबॉक्स उघडायला लावून, कायमचा काढून टाकला होता. आणि लिव्हर न्यूट्रलला आला असता तर मागची चाकेही थांबली असती. ती थांबली नाहीत. त्यांनी बांधात एक्सलपर्यंत खड्डा खणला. तेव्हा गिअर सुटला हे विधान अज्ञान नसेल, तर लबाडी आहे.

उधाणाच्या भरतीने भावाच्या शेतापुढचा बांध फुटून खांड पडली होती. ओहोटी आहे तोवर मातीची पोती टाकून ती बुजवायची होती. पुढची भरती आत शिरली की भाताची जमीन काही वर्षे मिठाचीच. बांध अरुंद, ट्रॅक्टरची ट्रॉली तिथे जाईना. माझी गाडी जाणार होती.

आदल्या दिवशी ती गाडी भावाचा जावई रोह्याला घेऊन गेला होता. हा आतल्या गावचा, गोड्या पाण्यावर वाढलेला, डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी शिफ्ट करणारा माणूस. डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांचे हब मोकळे ठेवतात आणि चिखलात शिरण्यापूर्वी ते हाताने फिरवून जोडतात. दोन्ही बाजूंचे जोडावे लागतात. एकच जोडला तर सगळा जोर मोकळ्या बाजूने निसटतो आणि पुढचे एकही चाक ओढत नाही.

बांधाच्या तोंडाशी मी स्टेअरिंगवर होतो आणि तो खाली उतरला होता. हब जोडलेस का, असे मी विचारले.

"व्हय काका, दोनी जोडले," तो म्हणाला.

तुम्ही स्वतः उतरून का पाहिले नाही, असे विचारणारे शहाणे आता पुष्कळ झाले आहेत. खांड बुजवताना जो 'झालं' म्हणतो त्याचे काम दुसरा तपासत नाही. त्यांच्या आज्यापणज्यांनी ही रीत पाळली म्हणूनच त्यांना आज पिकती जमीन दिसते आहे.

खांडीच्या अलीकडे गाडी रुतली. बाजूने जायला वाट उरली नाही. माणसांनी पोती डोक्यावरून वाहून नेली, ती पुरली नाहीत, आणि भरती आली. पाणी चढण्याआधी मी आणि भाऊ चाकांशी वाकलो. शेताच्या बाजूचा हब जोडलेला होता. खाडीच्या बाजूचा, जिथे उतरायचे तर गुडघाभर चिखल, तो मोकळा होता. भावाने तो स्वतःच्या बोटांनी चाचपला. जावयाचे बूट कोरडे होते.

काही दिवसांनी भाऊ माझ्या ओटीवर आला. पोरीचे सासरी आधीच धड नाही, हे जावयावर आले तर तो राग तिच्यावर काढील, असे तो बराच वेळ सांगत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुजं आता काय रायलंय? दोष गाडीवर जाऊ दे ना."

"गाडी माजी हाय," मी म्हणालो. "तुजं शेत त्यानं बुडवलं."

नव्या बांधबंदिस्तीसाठी गाव देवळात जमले तेव्हा मी जावयाला सर्वांसमोर उभे केले आणि देवळाच्या पायरीला हात लावून 'दोन्ही जोडले' असे म्हणायला सांगितले. तो वाकला आणि पायरीला हात न लावताच वर आला. लोक हसले. बायकांतून एक म्हातारी म्हणाली, "बूट धुवायला लागतील गो त्याचे, म्हनून नाय उतरला." तो मोटरसायकल काढून निघून गेला, बायकोला न घेता.

पुतणी माझ्यापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

"काका, तुमची गाडी खरी झाली. आता तिच्यातनं मला रोह्याला सासरी सोडा. आजच्या आज गेले नाय तर ते दार उघडनार नायत."

"तुज्या बापाला इचार गो," मी म्हणालो. "गिअर सुटतो म्हनतो ना तो तिचा?"

ती स्टेशनकडे चालत गेली. दार उघडले गेले नाही. आता ती माहेरीच असते.

भाऊ अजून गिअरचीच गोष्ट सांगतो. मिठाने पांढऱ्या पडलेल्या त्याच्या शेताच्या कडेने मी गाडी नेली की तो पाठ फिरवतो. मागच्या खेपेस मी तिथे थांबलो, खाडीच्या बाजूला चिखलात उतरलो, हब जोडला, आणि त्याने मान वळवून पाहीपर्यंत त्यावर हात ठेवून उभा राहिलो.