ऐन नाराज आसा

"झाड आधी नाराज होता, आजारी मगे पडता." हे वाक्य मामा खोडावर टकटक करत म्हणायचे. बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक, मग कान लावायचा, मग नाक. शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून आत कोणी आहे का बघावं, तसं. आणि आत कोणीतरी असायचंच, कारण थोड्या वेळाने मान हलवून ते "हां, हां, कळला" असं उत्तरही द्यायचे.

आमची सोसायटी बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या कुंपणाला लागून. पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही हे ऐटीत सांगायचो, आणि मागच्या खिडक्या मात्र माकडांच्या भीतीने बंद ठेवायचो. त्या हद्दीवर ते वनखात्याचे गार्ड होते. मूळचे मालवणकडचे, निवृत्तीला आलेले, खाकी शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून ते मला 'सेक्रेटरी' म्हणायचे. पण अशा सुरात, की ती शिवी वाटावी.

रोज हद्दीवरची झाडं बघायची आणि वहीत नोंद करायची, हे त्यांचं काम. कुठे खोडकिडा लागलाय, कुठे बांडगूळ चढलंय, कुठे कुऱ्हाड पडलीये. मामा लिहायचे, 'बेहडा – बरा. मोई – जेवतो बरा, पण अंगाला लागत नाही. ऐन – नाराज.' एकदा माझ्यादेखत त्यांच्या साहेबांनी ती वही टेबलावर आपटली.

"नाराज म्हणजे काय हो? हा काय रोग आहे?"

"रोग नाय, सायेब. रोग मागसून येता. तेवा लिवन काय उपयोग?"

साहेबांनी लाल शाईने 'नाराज' खोडून 'निरीक्षणाखाली' असं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा 'नाराज'च लिहायला लागले.

"जंगलाक रोग तीन," असं ते बोटांवर मोजून दाखवायचे. "आग, कुऱ्हाड आणि सोसायटी."

"सोसायटी म्हणजे?" मी एकदा भाबडेपणाने विचारलं.

"म्हणजे तुमी," ते म्हणाले आणि आमच्याच नळाचं पाणी पोटभर प्यायले.

तेव्हा मला राग आला होता. पण तुम्हीच सांगा, माणूस काय खोटं बोलला?

कुंपणापलीकडे एक ऐन होता. दोघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, मगरीच्या पाठीसारखी साल. त्याची एक फांदी थेट आमच्या गच्चीवर आलेली. माकडं त्या फांदीवरून जावयासारखी उतरायची आणि वाळत घातलेले पापड, सांडगे खाऊन जायची. तेही आम्ही सोसलं. पण ती टीव्हीच्या अँटेनाला लोंबकळायला लागली, तेही रविवारी सकाळी, जेव्हा अख्खी बिल्डिंग पौराणिक मालिका बघायला हात जोडून पडद्यासमोर बसलेली असायची. ऐन युद्धात पडद्यावर नुसत्या मुंग्या! मग मात्र तातडीची सभा बोलावली. उन्हाळ्यातला विषय, तातडीने दिवाळीनंतर पटलावर आला.

"फांदी तोडायला अर्ज करू या," कोणीतरी म्हणालं.

"अर्ज कसले करताय?" खजिनदारांच्या सासूबाई म्हणाल्या. त्या सभासद नव्हत्या, पण सभेला असायच्याच. "गिरमिटाने भोक पाडा, आत हिंग ठासा, वर मेण लावा. झाड उभ्या उभ्या वाळतं. कोणाच्या बापाला कळत नाही."

ठराव एकमताने पास झाला. इतिवृत्तात मी 'माकडांचा बंदोबस्त' असं लिहिलं. हिंग आमच्या घरचा आणि हातही माझेच, कारण सेक्रेटरी म्हणजे सगळ्यांचा हमाल.

मुहूर्त अर्थात रविवार सकाळचा. मामासुद्धा टोपी काढून तळमजल्यावर टीव्हीसमोर बसले होते. मी गिरमिट फिरवलं, हिंग ठासला, मेण लिंपलं आणि घरी येऊन तीनदा साबणाने हात धुतले. बायको म्हणाली, "वास जात नाही हो, नुसते चोळू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. मामा ऐनाला नाक लावून उभे होते. बुंध्यावर मुंग्यांची रांग लागलेली.

"सेक्रेटरी, हयसर आमटी कोणी केल्यान?"

"काय माहीत."

त्यांनी चाकूने भोक कोरलं, चिमूटभर काढून चक्क जिभेवर ठेवलं. "हेच्यात हिंग थोडो आणि मैदो जास्त. स्वस्तातलो दिसता."

'नाही हो, चांगल्या दुकानातला आहे,' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. जीभ चावली म्हणून वाचलो.

दुपारी ते घरी आले. "वैनी, ताक आसा?" बायकोने ताक दिलं, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. मामांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पेला रिकामा केला. "ताक बरा आसा," म्हणाले. पोलिस केस झाली तर बँकेतली नोकरी गेलीच, असं समजून मी रात्रभर कूस बदलत पडलो.

सकाळी सातला बेल वाजली. "चला सेक्रेटरी, झाडाक बघूक होया."

आणि मग रोज सात वाजता. भोक धुऊन शेणमातीने बुजवून घेतलं तेही माझ्याच हातून. कोवळी फांदी नखाने खरवडून आतली हिरवी रेघ कशी बघायची, भुसा पडला तर किडा कुठे शोधायचा, सगळं शिकवलं. मीही खोडाला कान लावायला लागलो. बायको म्हणाली, "माझं डोकं दुखतं तेव्हा एकदा तरी असा कान लावलात?"

निघताना मामा रोज विचारायचे, "ह्या कोणी केल्यान असात, ओ?"

"काय माहीत," मी म्हणायचो. रोज. ते मान हलवायचे आणि वहीत 'ऐन – नाराज' लिहायचे.

फाल्गुनात ऐनाची पानं झडली. शेजारच्या बेहड्याला पालवी आली, कुसुमाचं झाड कोवळ्या पानांनी लालभडक झालं. आमचा ऐन तसाच उघडा. नखाखालची हिरवी रेघ बारीक बारीक होत चालली. मला जेवण जाईना. माकडंही येईनाशी झाली होती, आणि गच्चीवर पापड सुखरूप वाळत होते. ते बघून मला भडभडून यायचं.

एप्रिलअखेर मामा निवृत्त झाले. पांढरा शर्ट घालून आले, सगळी बटणं लावलेली. ऐनावर टकटक केलं, कान लावला, नाक लावलं. "बघा तेका," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. माझं उत्तर तयार होतं हो, देवाशप्पथ तयार होतं. पण कोणी विचारल्याशिवाय असलं सांगायचं कसं? मी त्यांची पिशवी स्टॉपपर्यंत नेली, आणि बस गेली.

मे अर्धा सरला तेव्हा एका सकाळी त्या फांदीच्या टोकाला लालसर, लवलवीत पालवी दिसली. मी पायजम्यातच वनखात्याच्या चौकीकडे धावलो. तिथे नवीन गार्ड सुपारी कातरत बसले होते.

"ऐनाला पालवी फुटली!"

"मग? या दिवसांत फुटतेच."

"तसं नाही हो. त्या झाडात हिंग मी भरला होता. मीच. माझ्या हाताने."

त्यांचा अडकित्ता थांबला. मी तिथल्या बाकावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

"हे मला कशाला सांगताय?" ते गोंधळून म्हणाले.

"तुम्हाला नाही," मी म्हटलं. "मामांना."