पाचव्या गल्लीतल्या रिकाम्या घराला ‘येस’ म्हणालो

आधीच सांगून ठेवतो — मला भुताखेतांच्या गोष्टींचा कंटाळा आहे, आणि त्या रंगवून रंगवून सांगणाऱ्यांचा तर वीट आहे. ह्या ग्रुपवर रोज कोणीतरी पांढरी साडी, उलटे पाय, नाहीतर हायवेवर लिफ्ट मागणारी बाई घेऊन हजर असतं. मी वाचतो आणि हसतो. बायको म्हणते, मग वाचता कशाला? बरोबर आहे तिचं. वाचतो, कारण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. तिच्यात साडी नाही, पाय नाहीत, बघण्यासारखं काहीच नाही. तेव्हा ज्यांना थरार हवा असेल त्यांनी पुढच्या पोस्टकडे वळावं.

अठ्ठ्याऐंशी साल, धुळे. मी सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. राहायला देवपुरात, वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. मी, मंगला आणि दोन मुली. जिना लोखंडी आणि इतका अरुंद, की गॅसचं सिलिंडर चढवणारा दरवेळी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. आदल्या दिवाळीत आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. ते माझ्या थोरल्या भावाकडे होते. आता ह्या भावाबद्दल काय सांगू... गावात मोठा मान. सप्त्यात पुढे, पंचायतीत पुढे. आणि बापाची खाट टाकली गोठ्याला लागून असलेल्या पडवीत. का? तर म्हणे तिथे हवा चांगली लागते. हवा! गुरांच्या मुताची हवा! सकाळी मागितलेलं पाणी दुपारी मिळायचं.

मी दर पंधरा दिवसांनी रविवारी जायचो. आबा डाव्या हाताने माझं मनगट धरायचे आणि एकच शब्द बोलायचे, “कव्हय?” म्हणजे कधी? कधी नेतोस मला? मी म्हणायचो, “आबा, जिना नसलेलं घर बघतोय. मिळालं की त्याच दिवशी नेतो.” हे बोलणं आमच्या दोघांतलं. मंगलालाही मी सांगितलं नव्हतं. ती शाळेत नोकरी करायची, घरात दोन मुली, त्यात अंथरुणावरच्या सासऱ्याचं सगळं करायचं... ती नाहीच म्हणणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तर घर. जुन्या धुळ्यात, पाचव्या गल्लीत. मालक कापसाचे जुने व्यापारी, सगळे त्यांना नाना म्हणायचे. वर्षभरापूर्वी त्याच घरात वारले. मुलगी जळगावला दिलेली, आणि घर विकायला निघाले होते जावई भास्करराव. सफारी सूट, तोंडात वेलदोडा, आणि दर दोन वाक्यांना “सेंटरला आहे साहेब, सेंटरला.” सेंटरला होतं, हे खरं. दारात उघडी गटार, समोर स्कूटर उभी करायला हातभर जागा नाही, आणि सकाळपासून भाजीवाल्यांचा आरडाओरडा, इतकं सेंटरला.

ऑफिसात कळल्यावर सल्लागारांची रांग लागली. “गल्लीत कुठे जाता राव, देवपुरात प्लॉट घ्या, टुमदार बंगली बांधा!” सांगणारे स्वतः सगळे क्वार्टरमध्ये राहणारे. प्लॉट घेणार कधी, बांधणार कधी, आणि तोवर आबांनी काय पडवीत माशा मारायच्या? हे मी त्यांना बोललो नाही. गाढवांपुढे कोण बोलणार!

घर मात्र आत शिरल्याबरोबर पटलं. दोन फुटी भिंती, शहाबादी फरशी, पुढे मोठी ओसरी आणि तिच्यात सागवानी बंगई — झोपाळ्यासारखा झुलणारा पाट. ओसरीला लागूनच एक प्रशस्त खोली. दार एवढं रुंद की खाट सरळ आत जावी, आणि नाहणी तीन पावलांवर. एक पायरी म्हणून नाही. मंगलाला आणि मुलींना घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मुली बंगईवरून उतरायला तयार नव्हत्या. मंगला त्या खोलीत बराच वेळ उभी होती. मी भास्कररावांना म्हटलं, “ही खोली माझ्या ड्रॉइंग टेबलाला बरी.” गरज दाखवली की समोरचा चढून बसतो, म्हणून आबांचं नाव काढलं नाही. तिथेही नाही, ऑफिसात नाही, कुठेच नाही. हे नीट लक्षात घ्या.

तिसऱ्यांदा एकटा गेलो, मापं घ्यायला. वैशाखातला रविवार, भर दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. भास्कररावांनी किल्ली शेजारच्या अक्कांकडे ठेवली होती. किल्ली देताना अक्कांनी हात मध्येच थांबवला.

“भाऊ, एक सांगू? त्या घरमाईन निंघताना ‘येस’ म्हनू नका. गुपचूप निंघी या.”

आमच्या अहिराणीत निरोप घेताना ‘येस’ म्हणतात, म्हणजे ‘येतो’. दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नाही, हे सगळीकडेच पाळतात, मलाही माहीत होतं. पण नानांना जाऊन वर्ष उलटलं होतं!

“का? म्हटलं तर काय होईल?”

“काय होई ते माले माहीत नही. मी म्हनत नही, बस.”

मी मोठ्याने हसलो. शहरात राहून अहिराणी मी केव्हाच टाकली होती. ऑफिसात कोणी तसं बोललं तर मी त्याला सुधारायचो — इतका मी शहाणा! म्हटलं, “अक्का, इंग्रजीत येस म्हणजे हो. चालेल ना?” त्या बिचाऱ्या किल्ली माझ्या हातावर ठेवून आत गेल्या.

तासभर मापं घेतली. खोली अकरा बाय चौदा. खाट कुठे येईल, उशी कोणत्या बाजूला म्हणजे डाव्या हाताला पाण्याचा तांब्या ठेवता येईल, सगळं कागदावर काढलं. खरं सांगतो, दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्या दिवशी मला बरं वाटत होतं. बाहेर आलो, उंबऱ्यापाशी चपला घातल्या, आणि निव्वळ मस्ती म्हणून, आत तोंड करून, अक्कांचीच नक्कल करत ओरडलो —

“येस हो नाना!”

आणि आतून, ओसरीला लागून असलेल्या त्या खोलीतून, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. घोगरा नाही, भेसूर नाही. तोंडात पान असल्यासारखा, जेवून निवांत बसलेल्या माणसाचा.

“ये भाऊ, ये. आबाले बी लई ये.”

आबालाही घेऊन ये.

तुम्ही म्हणाल, शेजारचा कोणी असेल. मीही तेच म्हटलं. “कोण आहे?” असं दरडावून विचारलं आणि परत आत गेलो. खोली रिकामी. सगळ्या खोल्या बघितल्या, स्वयंपाकघर बघितलं. मागच्या दाराची कडी आतून लावलेली आणि गंजून घट्ट बसलेली. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे घर नाही, बोळ आहे, आणि तिकडे खिडकीही नाही. अक्कांनी नवऱ्याला बसवलं म्हणावं, तर त्यांना नवराच नव्हता. बरं, कोणी चेष्टा केली असंही धरू... पण आबांचं त्याला कोणी सांगितलं? खान्देशात दर तिसऱ्या घरात एक आबा असतो, हेही स्वतःला समजावून पाहिलं. नाही पटलं.

मग काय केलं? पळालो. टेप, कागद तिथेच टाकून पळालो. अक्कांच्या हातात किल्ली कोंबली. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “म्हन्नात का येस?” मी म्हटलं, “छे, मी कशाला म्हणतोय!”

सबंध आठवडा एकच डोक्यात — मेलेला माणूस माझ्या आबांना बोलावतोय. त्या घरात नेलं की गेलेच ते. भास्कररावांना सांगितलं, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यात गडबड वाटते, जमणार नाही. उतारा आरशासारखा स्वच्छ होता. ते वेलदोडा चघळत म्हणाले, “घाबरलात का साहेब?” त्या सफारीवाल्याने मला ओळखलं, ह्याचा राग आजही येतो.

गावी जाऊन आबांना सांगितलं, “घराचं जमलं नाही. कागदात खोट निघाली.” त्यांनी मनगट सोडलं. त्यानंतर त्यांनी मला ‘कव्हय’ विचारलं नाही. मीही दुसरं घर म्हणावं तसं शोधलं नाही, बघू, पावसाळा होऊ दे, असं करत राहिलो. श्रावणात आबा त्याच पडवीत गेले. पाठीला जखमा झाल्या होत्या. भावाने तेराव्याला गावजेवण घातलं. लोक बोटं चाटत म्हणत होते, असा मुलगा पाहिजे.

पाचव्या गल्लीतलं घर एका बांगडीवाल्याने घेतलं. त्याची म्हातारी आई कितीतरी वर्षं ओसरीतल्या बंगईवर बसलेली दिसायची, तंबाखू चोळत, ठणठणीत. मी त्या गल्लीतून जाणं बंद केलं.

आबांचे दिवस झाल्यावर मंगलाने विचारलं, “ते घर तुम्ही खरंच का सोडलंत?” तेव्हा तिला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल, निदान हसेल तरी. तिने एवढंच विचारलं, “आवाज रागाचा होता का?”

“नाही. पाहुण्याला बोलावतात तसा होता.”

ती मुलींचे कपडे घड्या करत होती. हात थांबला नाही.

“मी ती खोली पहिल्यांदा बघितली, तेव्हाच मनात म्हटलं होतं, आबांची खाट इथे छान बसेल. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते... विचारलंच नाहीत.”

तर मंडळी, तो आवाज कोणाचा, आणि आबांचं त्याला कसं कळलं, मला आजही माहीत नाही. स्पष्टीकरणं पाठवू नका, सगळी करून झाली आहेत. माझ्या आबांना आपल्या घरी घेऊन ये, असं तोंडाने म्हणणारा त्या वर्षी एवढा एकच निघाला, आणि त्याला भिऊन मी माझ्या बापाला गोठ्याशेजारी मरू दिलं.