लाल तार अर्थच्या पिनेखाली

मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. ती पण पुरी नाही, सहामाहीला सुटली. इथं बरेच शिकलेले लोक लिहितात म्हणून भीती वाटते, चुकलं तर सांभाळून घ्या. भूतखेत, करणी, असल्यात मी कधीच नव्हतो. ज्याच्या हातात मीटर असतो त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं — करंट आहे, नाही तर नाही. मधलं काही नसतं. हे मला मामांनी शिकवलं होतं, आणि आज त्यांच्याचबद्दल सांगायचंय.

माझं गाव वाशिमकडं. कामासाठी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आलो त्याला अकरा वर्षं झाली. वजनकाट्याच्या मागच्या गल्लीत बापूंचं पत्र्याचं शेड आहे. बंद पडलेल्या गिरण्या, साखर कारखान्यांच्या लॅब, दवाखाने... इथला जुना माल बापू लिलावात उचलतात. आम्ही तो तपासून, वायरिंग सरळ करून विकायचा. असल्या मालात आधीच्या कुणीतरी हात मारलेला असतोच. फेज-न्यूट्रल उलटे, अर्थची तार कापलेली, फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा. ते शोधून काढणं हे आमचं काम.

आमचं म्हणजे दत्तूमामांचं. (नाव बदललंय.) शिराळ्याकडचे. फौजेत वायरलेस सेट दुरुस्त करायचे, रिटायर झाल्यावर बापूंकडं आले. मी "मले, तुले" बोललो की हसायचे. "ए मले-तुले, हिकडं ये. ह्यो प्लग कुणी बसवलाय? हातानं का पायानं?" पण शिकवलं सगळं. नवीन माल आला की आधी मीटर लावून कुठली तार बॉडीला लागलीय ते बघायचं. मग सीरिज बोर्डावर — म्हणजे मध्ये शंभरचा बल्ब टाकून — चालू करायचं. आणि हात लावायचाच तर उलटा, मागच्या बाजूनं, म्हणजे झटका बसला तरी हात चिकटत नाही.

"भाईरच्या मशीनच्या तारंचा रंग बघून काम करू नगं," म्हणायचे. "रंग त्येंच्या देशातला आसतूय, मीटर आपल्या हातातला."

मला कावीळ झाली तेव्हा मामींनी तीन आठवडे त्यांच्या खोलीवर ठेवून घेतलं. ताक, भात, मुळ्याचा रस. माझी आई एवढ्या लांबून येऊ शकत नव्हती. मामींनी तिला फोनवर सांगितलं, "आवं, तुमी नका घोर करू. ह्यो आमचाच हाय." मी तोंड फिरवून पडून राहिलो होतो.

आता तो दिवस.

खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडतात. पक्कड, टेस्टर, मीटर, सीरिज बोर्डसुद्धा. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याला सोनं ठेवून पूजा हलवेपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. मामा त्यात फार कडक. शेड सकाळीच पाणी मारून धुतलं होतं, सगळे अनवाणी.

तेवढ्यात बापूंना फोन आला, फलटणची पार्टी ओव्हन न्यायला येतेय. लॅबमधला जुना जर्मन ओव्हन, लोखंडी, कमरेएवढा. त्याला प्लगच नव्हता.

बापू म्हणाले, "प्लग बसव आन् तापवून ठेव."

मी म्हणालो, "बापू, मीटर पूजेत हाये. बोर्ड पण."

"तीन तारा आन् तीन पिना. त्येला मीटर लागतूय व्हय रं? आठवी शिकलास का बालवाडी?"

तारा होत्या काळी, करडी आणि लाल. लाल म्हणजे फेज, हे आपल्याकडं लहान पोर पण सांगेल. काळी न्यूट्रल. राहिली करडी, ती अर्थला. घरून आणलेल्या चाकूनं स्क्रू आवळले, सॉकेटमध्ये घातला, बटण दाबलं. पाच मिनिटं झाली, ओव्हन गारच. मला वाटलं आतली कॉइल गेलेली असेल. तापत नाही म्हणजे करंटच पोचत नाही, असं धरून चाललो. बटण बंद न करता बापूंना सांगायला पुढं गेलो.

मामा तेव्हा गंधाची वाटी घेऊन एकेका मशीनला बोट लावत येत होते. सुलटं बोट. गंध उलट्या हातानं लावत नाहीत.

वाटी पडल्याचा आवाज आला. बापूंनी मेन पाडला. मी मागं पळालो... ओव्हनच्या दारावर गंधाचा टिळा अर्धाच उठला होता. ते ओव्हन आणि भिंत यांच्या मधे पडले होते. दवाखान्यात नेलं, पण उपयोग नव्हता.

नंतर कळलं, जुन्या जर्मन मशीनमध्ये लाल तार अर्थची असते. सरळ बॉडीला जोडलेली. मी फेज बॉडीलाच दिला होता.

पोलीस यायच्या आधी बापूंनी पूजेतली पक्कड उचलली आणि प्लग कापून काढला. मला म्हणाले, "ध्यानात ठेव. तू भाईर झाडू मारत हुतास. प्लग मामा बसवत हुते, तार त्येंनी लावली. न्हाई तर आत जाशील, आन् तिथं तुला डबा द्यायला वाशिमसनं कोण येणार हाय?"

मी त्यांच्या पाया पडलो. खरं सांगतो, उपकार वाटले. अजून वाटतात... हेच वाईट आहे.

कामाला परत लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी दुरुस्त केलेला बॅटरी चार्जर परत आला. चालत नाही म्हणून. बापूंनी प्लग उघडला. फेजचा स्क्रू रिकामा. लाल तार हिरवीच्या शेजारी, मोठ्या अर्थच्या पिनेखाली आवळलेली.

"लाल अर्थला?" बापू म्हणाले आणि माझ्याकडं बघत तार स्वतःच फेजला लावली.

पुढच्या आठवड्यात ब्लोअर, मग दोन स्टॅबिलायझर. सगळे मी बसवलेले. कुणाला झटका बसला नाही, मशीन फक्त मुकं राहायचं. मग मी प्रत्येक प्लग बंद करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायला लागलो, बंद केल्यावर बाहेरच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायला लागलो, कुणी उघडला तर तडकेल म्हणून. फोटोत लाल तार फेजलाच. संध्याकाळी बापूंसमोर उघडला, बाहेरचा ठिपका न तडकता तसाच, आणि आत लाल तार अर्थखाली. बापूंनी फोटो बघितला, तार बघितली, आणि मोबाईल टेबलावर उलटा ठेवला.

"तू प्लगला हात लावायचा न्हाई. घासून-पुसून ठिवत जा नुसतं."

"मी गावाकडं जाऊ का, बापू?"

"गप बस. हितंच ऱ्हायचं, माझ्या नजरंपुढं. तिकडं जाऊन तोंड उघडशील."

मामांच्या वर्षश्राद्धाला शिराळ्याकडच्या त्यांच्या गावी गेलो. मामी आता तिथंच राहतात. अंगणात पुरुषांची पंगत बसली होती. एक जण म्हणाला, "फौजेचे रेडिओ दुरुस्त केलं म्हणं, आन् प्लग बसवताना मेला गडी." दुसरा म्हणाला, "सकाळीच घेतली आसंल गड्या." हसले. मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, आणि हे त्या पंगतीत फक्त मला नक्की ठाऊक होतं. मी आमटी भुरकत राहिलो.

जेवण झाल्यावर मामींनी आत बोलावलं. "मिक्सरचा प्लग जळलाय, बसवून दे."

नाही म्हणता आलं नाही. बसवला, दोनदा बघितला. लाल तार फेजला, नक्की. मामींनी बटण फिरवलं. मिक्सर चालला नाही. त्यांनी फडताळातून मामांचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, प्लग उघडून माझ्यासमोर धरला. लाल तार अर्थखाली.

"त्या दिवशी त्येंच्या हातात गंधाची वाटी हुती," मामी म्हणाल्या. "टेस्टर देवापुढं. टेस्टरबिगर त्येंनी कवा तार धरली न्हाई. मग लावली कुणी?"

"मी."

त्या रडल्या नाहीत. "म्हाईत हाय. पैल्या दिवसापासनं."

"मग आज जेवायला कशाला..."

"तू कवा सांगतूस ते बघत हुते. वाढताना दर बारीला बघितलं."

मी पाय धरायला वाकलो, त्यांनी पाय मागं घेतले. "मला सांगून काय उपेग? ती भाईर बसल्याती न्हवं, त्येस्नी सांग."

मी पिशवी घेऊन बाहेर आलो. पंगतीतले कट्ट्यावर पान लावत बसले होते. एक जण म्हणाला, "निघालास व्हय रं? बस की."

"एसटी चुकेल," म्हणालो. आणि चालू लागलो. दारात मामी उभ्या होत्या, मागं बघायची गरज नव्हती.

त्यालाही आता बरेच महिने झाले. स्क्रूखाली आवळलेली तार बंद प्लगात आपोआप कशी सुटते आणि दुसऱ्या स्क्रूखाली कशी जाते, याचं उत्तर माझ्याकडं नाही. बापूंकडं नाही. मीटरकडं पण नाही.

आज हे लिहायला बसायच्या आधी मी खोलीवर एक प्लग बसवून टेबलावर ठेवला. फोटो काढला. वाटलं, इतक्या लोकांपुढं सांगितल्यावर तरी तार जागेवर राहील.

वरचं लिहून झाल्यावर आत्ता उघडला. लाल तार अर्थखालीच आहे.

मामांचं नाव बदललंय ना मी. गावाचं तर लिहिलंच नाही, आणि माझंही नाही. त्यामुळंच असेल. दुसरं कारण मला सापडत नाही.