बिनमुंडक्याचा साप

जेबेझ थ्रॅशर मासळीची पिंपं बांधायचा, पण जीव सगळा कड्याखालच्या खडकात. ओहोटी लागली की हातोडा घेऊन पळालाच! शाळेचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. जे कळलं ते दगड फोडूनच.

आमच्या किनाऱ्यावर वेटोळ्यांचे दगड सापडतात. साध्वी हिल्डानं सापांचे दगड केले आणि त्यांची मुंडकी गळाली, असं आम्ही पाळण्यापासून ऐकतो. म्हणून पाहुण्याला दाखवायचा दगड आधी कारागिराकडे नेऊन मुंडकं कोरून घ्यायचं. बिनमुंडक्याचा पुढे करणं म्हणजे पाहुण्याचा अपमानच.

"साप कसले डोंबलाचे! शंखात राहणारा जीव होता हा," जेबेझ म्हणायचा. गाव खो खो हसायचं.

आणि एकदा पुरावाच हाती लागला. वेटोळ्याच्या तोंडाशी, समुद्रातल्या गोगलगाईला असतं तसं, चपटं झाकण! यॉर्कच्या संग्रहालयातले साहेब ते बघायला येणार असं ठरलं. जेबेझ हरखून गेला आणि त्याच आठवड्यात तापानं आडवा झाला.

त्याची बायको टॅमार दगड घेऊन कारागिराकडे गेली. "एनॉककाका, असं मुंडकं काढा की साहेब बघतच राहील."

"जेबेझला विचारलंस का गं?"

"तापात काय विचारू? उठला की खूश होईल बघा."

काकानं कानस चालवली. एक चपटी कपची उडाली, ती टॅमारनंच फुंकून टाकली.

ताप उतरल्यावर तिनं दगड जेबेझच्या हातात दिला. त्याचा अंगठा वेटोळ्याच्या तोंडाशी गेला. तिथं आता दोन डोळे होते.

"आवडलं नाही का रे?"

"छान कोरलंय गं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

साहेब आले. "झाकण कुठंय?"

जेबेझनं टॅमारकडे पाहिलं. "नव्हतंच, साहेब. मला भास झाला असेल."

साहेब सापाकडे बघून हसले आणि टोपी घालून निघून गेले. तेव्हा टॅमारला ती कपची आठवली. ती रडत सुटली, तर उलट त्यानंच तिला जवळ घेतलं.

त्याच हिवाळ्यात जेबेझ गेला. तोवर हातोड्याला त्यानं पुन्हा हात लावला नव्हता.

आता ओहोटीला टॅमार जाते, त्याचाच हातोडा घेऊन. लोक हसतात, हसोत मेले! झाकणाचा दगड अजून सापडलेला नाही. सापडला की त्याच्या थडग्यावर ठेवायचाय तिला, जसा निघेल तसाच, बिनमुंडक्याचा.