बाबांच्या घड्याळाची नवी तबकडी

दारात टॅक्सी उभी, आई ओरडतेय, "विमान काय तुझ्यासाठी थांबनार हाय का?" आणि बाबा निवांतपणे स्वतःचं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधतायत. "पोरी, जास्ती चावी देऊ नको," एवढंच म्हणाले.

बाबा भाईंदर पश्चिमेच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी त्यांना ते जुनं क्रोनोग्राफ, म्हणजे नाडी मोजायचं घड्याळ, दिलं होतं. बाजूला दोन बटणं. वरचं दाबलं की लांब काटा धावायचा. पेशंटच्या नाडीचे तीस ठोके मोजून पुन्हा दाबायचं; काटा थांबेल तिथला लाल आकडा म्हणजे मिनिटाचे ठोके. गुणाकाराची भानगड नाही. तबकडी पिवळी पडलेली, चाराच्या आकड्याजवळ ओलीचा तपकिरी डाग, काचेवर ओरखडे.

मेलबर्नला कामाच्या शिफ्ट, रेंट, पोरांचं डे-केअर यात वर्षं गेली. घड्याळ हातावर होतं, बाबा फोनवर. मग आई सांगू लागली की बाबा माणसं विसरतायत, पण रोज विचारतात, "माजा घड्याल कुठं हाय?" मला वाटलं, ते हातात दिलं की निदान मला तरी ओळखतील. त्या आशेवरच तिकीट काढलं.

आणि मला हौस! जुनाट वस्तू कशी द्यायची? मेलबर्नच्या घड्याळजीने दोनदा विचारलं, तबकडी नव्याने रंगवली तर जुनी परत मिळणार नाही, चालेल ना? मी म्हटलं, सगळं नव्यासारखं करा. अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे. त्याने डाग पुसला, काच बदलली, केसला पॉलिश मारलं.

घरी पोचल्या पोचल्या मी घड्याळ बाबांच्या हातात दिलं. त्यांनी बटण दाबलं. काटा धावला. चेहरा उजळला, खोटं नाही सांगत. मग चाराजवळ काचेवरून नख फिरवत राहिले, बराच वेळ. शेवटी घड्याळ माझ्यापुढे धरलं. "छान हाय. पन माजा न्हाय. ज्याचा हाय त्याला देऊन टाका, बाई." दवाखान्यात आलेल्या अनोळखी बाईशी बोलायचे, अगदी तसं.

आई म्हणाली, मनाला लावून घेऊ नको. लागलंय गं आई, खूप लागलंय. ज्या एका खुणेने ते घड्याळ आणि मला ओळखणार होते, ती मी पैसे देऊन पुसून घेतली.

माझ्यासारखे परदेशी गेलेले आणि इथे राहिलेले, तुम्ही सगळे मला विचारता, घरी आल्यावर कसं वाटतंय. तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी चहा देते, तेव्हा बाबा काळजीने विचारतात, "तुमच्या घरी वाट बघत असतील ना?"

मी म्हणते, "हो, निघतेच आता."