माझ्या मुलीच्या कादंबरीतली विहीर

माझी मुलगी गेली काही वर्षं एका बैलगाडीत राहते. म्हणजे जेवायला वर येते, बस पकडून शाळेत जाते, वॉशरूम तासभर अडवून ठेवते, पण चित्त सगळं त्या गाडीत. गाडी अमेरिकेतली, खूप जुन्या काळची. वर पांढऱ्या जाड कापडाचं छत आणि अशा गाड्यांची लांबच लांब रांग पश्चिमेकडे निघालेली. नवी जमीन शोधत निघालेली कुटुंबं, वाटेत नद्या, रोगराई आणि मधूनच शापित टेकड्या, बोलणारे लांडगे. वयात येणाऱ्या मुलांसाठी अशा इतिहासात जादू मिसळलेल्या कादंबऱ्या लिहितात, आणि आमच्या बेसमेंटमध्ये त्यांची थप्पी लागलेली आहे. वाचून वाचून एक दिवस बाईसाहेबांनी जाहीर केलं की आता मीच एक लिहिणार.

"लिही की," मी म्हटलं. "पण बैल कधी जवळून पाहिलास का?"

"मम्मा, देअर आर व्हिडिओज."

कॅनडातल्या विनिपेगमध्ये वाढलेल्या मुलीशी बैलांवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आपली भाकरीचं पीठ मळत राहिले.

त्याच वर्षी माझी आई नागपूरहून इथल्या लोकांच्या आईवडिलांना मिळणाऱ्या सुपर व्हिसावर आमच्याकडे राहायला आली. बाबा गेल्यावर ती एकटी होती, आणि मी इथे इन्शुरन्सच्या ऑफिसात बसून दर दुपारी तिच्या काळजीने अर्धी व्हायचे. आली ती साडीवर स्नो बूट घालून रुबाबात वावरू लागली. नातीला मराठी जुजबीच समजतं आणि बोलता येत नाही, आजीला इंग्रजी येत नाही. त्यामुळे दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून मी. माझ्या पदरी हे काम आयतंच आलं आणि अजून सुटलेलं नाही.

एकदा जेवताना आई सहज म्हणाली, "बैलगाडीत तर मी बी लय दूर गेली होती. लहान होती तवा."

मुलीच्या हातातला घास तसाच राहिला. तिच्या आजवरच्या आयुष्यात आजीने इतकं महत्त्वाचं काही सांगितलंच नव्हतं. ताट बाजूला सारून ती लॅपटॉप घेऊन आली. कुठून निघालात, कुठे गेलात, किती गाड्या होत्या, रस्ता कसा होता, खायला काय होतं?

आई सांगत गेली, मी इंग्रजीत करत गेले. आमचं गाव लांब, वर्धेच्याही पलीकडे. आईच्या वडिलांनी आणि वस्तीतल्या लोकांनी गाड्या जुंपल्या आणि दीक्षा घ्यायला नागपूरला निघाले. गावकुसाबाहेरची सगळी वस्ती ओस पडली. बायांनी पांढरी लुगडी धुऊन गाठोड्यात बांधली. भाकरी, चटणी, भाजलेले चणे. रात्री गाड्या गोल लावायच्या आणि मध्ये चूल. मुलगी उडालीच. "दे सर्कल्ड द वॅगन्स! मम्मा, एक्झॅक्टली लाइक माय बुक!"

"आणि पाणी?" तिने विचारलं. तिच्या कादंबरीतल्या गाड्या तेव्हा एका कोरड्या प्रदेशात अडकल्या होत्या आणि पुढे काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

मी प्रश्न मराठीत केला. आईने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग नातीकडे. "पाण्याची काई कमी नोती," ती म्हणाली. "वाटेत एक विहीर लागली. गावातल्या बाया घागरी घेऊन आल्या. म्हणाल्या, प्या बाप्पा, पोरंबाळं घेऊन चालले. पोटभर पाजलं सगळ्यायले. लय गोड पाणी होतं."

मी चमचा खाली ठेवला. मला ती विहीर माहीत होती.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी मला वेगळ्या कपात चहा मिळाला होता. घरी येऊन मी थयथयाट केला. आई मेथी निवडत होती. तेव्हा तिने मला ती विहीर सांगितली, मेथीवरची नजर न उचलता. ऑक्टोबरचं ऊन होतं, बरोबरचं पाणी संपलं होतं. विहिरीवरच्या लोकांनी गाड्या दुरूनच थांबवल्या. माणसांना पाणी नाही म्हणाले. बैलांना मात्र हरकत नव्हती. विहिरीला लागून गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिथे बैल सोडा आणि पाजून निघा. बैल पाणी प्यायले आणि माणसं बघत उभी राहिली. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती बापाचा हात सोडून पळाली, दोन बैलांच्या मध्ये घुसली आणि त्यांच्यासारखंच तोंड लावून डोणीतलं पाणी प्यायली. विहिरीवरचे लोक हसले. तिच्या बापाने तिला ओढून बाहेर काढलं आणि कानफटात ठेवून दिली. मग तोच रस्त्याच्या कडेला बसून तोंडावर उपरणं घेऊन रडला.

"पाण्याले शेणाचा वास येत होता," आई तेव्हा म्हणाली होती. "पण गोड लागलं." एवढं बोलून तिने मेथी उचलली आणि धुवायला नेली. पुन्हा तो विषय मी काढला नाही, तिनेही नाही.

त्या दिवशी जेवणं आटोपून मुलगी खाली गेल्यावर मी आईला म्हटलं, "आई, तिला खोटं का सांगितलं?"

"खोटं काय त्यात. पाणी पेली का नाही पेली मी?"

"आई."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "ते लिहून राहिली न? उद्या लोकं वाचतीन. माह्या नातीच्या डोयापुढं मी बैलाच्या बाजूले वाकून उभी नाही राहणार. तिच्या पुस्तकात मले चांगली ठेव."

मी भांडी लावायला घेतली. पाणी पिणारी ती होती आणि थप्पड खाणारीही तीच. मुलगी मोठी झाली की आपणच सांगू, आई स्वतःच सांगेल, अशी मी माझी समजूत घातली. आमच्या घरात ही रीतच आहे. पोरांना आधी ताठ मान दाखवायची आणि ती का ताठ ठेवावी लागली ते मागाहून सांगायचं. मलाही मोठं होईपर्यंत कोणी काही सांगितलं नव्हतं.

मुलीच्या कादंबरीला मात्र पंख फुटले. त्या कोरड्या प्रदेशात तिने एक विहीर खोदली. तहानलेलं कोणीही काठाशी आलं की पाणी आपोआप वर चढून त्याच्या ओठांपर्यंत येतं. ना दोर लागत, ना घागर. नायिका बारा वर्षांची, आणि तिचे डोळे माझ्या आईसारखे घारे. रोज संध्याकाळी नवीन पानं आजीला वाचून दाखवायची आणि मी वाक्यावाक्याला मराठी करायचं, असा नेम सुरू झाला. पहिल्याच दिवशी आईने मध्येच थांबवलं.

"विहीर कोणाची हाय?"

"नोबडीज, आजी. इट्स मॅजिक."

"असं नसते बाई. विहीर कोणाची तरी असतेच. ज्याची असंन त्याले आधी विचारा लागते."

मुलगी हसली आणि म्हणाली की जादूच्या गोष्टीत ती सूट असते. आईने पुढे वाच अशी खूण केली. मला तेव्हा आईचा अभिमान वाटला होता. तेव्हा तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, आणि मुलीला खरं सांगायची वेळ तीच होती.

पुढच्या हिवाळ्यात आई विसरायला लागली. आधी चष्मा, मग गोळ्या, मग वार. एकदा मी ऑफिसातून आले तर ती ड्राइव्हवेवर नुसत्या चपला घालून उभी, बर्फात, आणि मला विचारते की बर्डीची बस इथेच थांबते ना, जणू ती नागपुरातच होती. डॉक्टरीण गोड बोलली, गोळ्या दिल्या, म्हणाली की कुटुंबात राहा, गोष्टी सांगा, ऐकवा. गोष्टी तर आमच्याकडे रोजच चालल्या होत्या. मी दमून गेलेली असले तरी मुलगी आजीचा नेम चुकवायची नाही. तिचं मराठीही त्यात सुधारलं. "आजी, ऐक, पाणी वर येते," असं ती नागपुरी ढंगात सांगायची आणि आई लहान मुलासारखी ऐकायची.

हळूहळू आई तिला दुरुस्त्या सुचवू लागली. पाणी वर येताना बुडबुडे यायचे म्हणे. विहिरीच्या काठाला निळी फुलं होती म्हणे. मुलगी खूश होऊन सगळं लिहून घ्यायची. मी चहा ढवळत ऐकायचे आणि मनात म्हणायचे की करू दे बिचारीला मजा. आज त्याची चीड येते. कोणाची, ते ठरवता येत नाही.

यंदा ऑक्टोबरात आमच्या मंडळाचा धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम झाला. कम्युनिटी सेंटरचा हॉल, पांढरे कपडे, वंदना, वरणभात. मुलांच्या भाषणांत माझ्या मुलीने आपल्या कादंबरीतलं विहिरीचं प्रकरण वाचलं. वाचते छान ती. आधी सांगितलं की ही माझ्या आजीची गोष्ट आहे, माझ्या आजीच्या वाटेवर अशी विहीर होती. पहिल्या रांगेत आई शालीत गुंडाळून बसली होती आणि मान डोलवत होती. हॉलने टाळ्या वाजवल्या. नंतर बाया येऊन आईच्या पाया पडू लागल्या, तर ती प्रत्येकीला हात धरून सांगत होती, "हो न, बाई. वर आलं पाणी. आपल्याच तोंडापाशी आलं. फुलं होती निळी."

जिलेबीचं ताट हातात घेऊन मी तिथेच उभी होते. त्या हॉलमध्ये कितीतरी जणांच्या घरी अशी एखादी विहीर असणार, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मला इतकं वाईट वाटलं की ताट ठेवून मी कोट न घालताच पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले.

दोन आठवड्यांनी मुलगी म्हणाली की आता कादंबरी पूर्ण झाली, आणि पहिल्या पानावर ती एक ओळ टाकणार आहे: हा प्रवास आणि ही विहीर माझ्या आजीने खरोखर पाहिली. मग मला राहवलं नाही. रविवार होता, दुपार होती, आई शेजारच्या खोलीत खिडकीशी बसली होती. मी मुलीला किचनमध्ये बसवलं आणि सगळं सांगितलं. डोण, बैल, हसणारे लोक, थप्पड, उपरणं.

तिने समोरचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "व्हाय डिडन्ट शी टेल मी?"

"तिची इच्छा नव्हती."

"अँड यू?"

ती उठली आणि सरळ आजीकडे गेली. मागोमाग मी. ती आजीच्या पायाशी खाली बसली आणि तिच्या मोडक्या मराठीत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आजी, तू बैलासोबत पाणी पिली का? तुझ्या बाबाने मारलं का तुला?"

आई हसली. मनापासून, पदर तोंडाला लावून हसली. "काईतरीच! कोण सांगतलं तुले?"

"मम्माने."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी काहीतरी शोधत होते. ओळख, खूण, नको सांगू म्हणणारी एखादी विनवणी, काहीही चाललं असतं. ती नातीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुह्या आईले काई आठवत नाही, बेटा. माह्या बापानं मले कधी बोट बी लावलं नाही. आम्हाले पाणी देल्लं लोकायनं. तूच तर वाचून दाखवलं न."

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला माझा राग आला नव्हता, कीव आली होती. आजी विसरते तशी आता मम्माही घोळ घालायला लागली की काय, असं त्या नजरेत होतं, निदान मला तसं वाटलं.

"मम्मा," ती नंतर म्हणाली, "इट्स हर स्टोरी. आय विल गो विथ हर व्हर्जन."

मी बरं म्हटलं. तिचंही चूक नाही. आई खरंच विसरली की तिला विसरायचंच होतं आणि ते तिने साधून घेतलं, हे आता तिलाही सांगता येणार नाही. ओळ पहिल्या पानावर राहिली. तहानलेली ती मुलगी आणि कानफटात मारून रडणारा तो बाप आता फक्त मला आठवतात, आणि मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते.